सत्ताविसाव्या मजल्यावरचं गिऱ्हाईक

चि. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे दोन्ही तुझ्या दोन्हींची चौकशी करतात. अक्षर बघून दचकू नकोस. सुरेख आहे, म्हणजे आपल्या घरातलं नाही. ते दलालाचं आहे. घर बघायला येणारं गिऱ्हाईक रहदारीत अडकलंय आणि हा रिकामा बसून कोच दाबत होता, म्हणून कामाला लावला. (तो विचारतोय 'सल्लागार' लिहू का. मी दलालच सांगितलंय. तसंच लिहिलंय म्हणतो. पुढे तुझं नशीब.)

तर आमचं घर विकायला काढलंय. लेकाची बदली लांबच्या शहरात झालीय, घर विकलं की आम्ही सगळे तिकडे. तिथून तुझ्याकडे यायचं म्हणजे रात्रभर प्रवास, म्हणजे आपल्या गुडघ्यांच्या हिशेबानं न येणंच. मला काही दुःख नाही. या उंचीवरून खाली माणसं दिसतात, पण कुणाची ते कळत नाही. रस्त्यात भांडण लागलं तर नुसते हातवारे दिसतात, शब्द एक ऐकू येत नाही; असलं भांडण बघून काय करायचं? तुझं तळमजल्याचं बरं, खिडकीतून हात काढून भाजीवालीशी घासाघीस करता येते.

दलालाचा नियम असा, की गिऱ्हाईक यायच्या आधी घरात कुणी राहतच नाही असं दिसलं पाहिजे. म्हणून माझी औषधं ओव्हनमध्ये, पांघरूण वॉशिंग मशीनमध्ये आणि कवळी काचेच्या भांड्यात, प्लास्टिकच्या फळांखाली. परवा एका बाईंनी हौसेनं सफरचंद उचललं, तर खाली ती हसत होती. त्या बाई गेल्या. मला कुठे लपवता येत नाही, म्हणून मी कोचावर ताठ बसायचं आणि बोलायचं नाही. दलाल एकांना सांगत होता, दिसतंय ते सगळं सामान घराबरोबरच मिळेल. त्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "ह्यासुद्धा?" दलालाची बोबडी वळली. (आत्ता लिहितानाही हात अडलाय.) मी म्हटलं, "देखभालीचा खर्च आधी विचारून घ्या." तेही गेले. लेक म्हणतो, मी मुद्दाम पळवते. मला विचारतात ते मी सांगते, एवढंच.

तू आलीस त्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तुला बाकावर बसवून ठेवलं आणि वर इंटरकॉम वाजवला. मला ती दाराची घंटा वाटली. मी दार उघडून उभी, तू खाली बसलेली, आणि शेवटी रागावून गेलीस ती अजून बोलत नाहीस. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. आमचं घर बघायचं तुझं राहिलं तर राहिलं.

तुझी
थोरली

ता. क. – इथून अक्षर सुनेचं, म्हणून वाकडं. दलाल गिऱ्हाइकाला आणायला खाली गेलाय, तेव्हा आता खरं ऐक. तू गिऱ्हाईक म्हणून ये. इथे पाहुण्याला बाक आणि गिऱ्हाइकाला गाडी, सरबत आणि लिफ्ट धरून उभा असलेला माणूस. दलालाला फोन कर, आवाज जरा जाड काढ. ठेवणीतली शाल घे. वर आल्यावर मला ओळखू नकोस. म्हणावं, ह्या आजीच मला खोल्या दाखवू देत. मग आतल्या खोलीत दार लावून बसू. जाताना सांग, घर आवडलं, पण पुन्हा बघावं लागेल. असं दर रविवारी आवडू दे. (सून लिहिताना हसतेय, म्हणजे तिचंही जायचं मन नाही.)

आणखी एक ता. क. – आदरणीय मावशी, पाकीट टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं. ते चिकटवलेलं नव्हतं. आजचं गिऱ्हाईकही गेलं. न्हाणीघरात वारा कसा शीळ घालतो, ते आजींनी स्वतः शीळ घालून दाखवलं. एकही गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही म्हणून आमचे साहेब माझ्यावर नाराज आहेत. तरी रविवारी गाडी पाठवतो. आवाज जाड काढायची गरज नाही. फक्त सगळ्यांसमोर मला सल्लागार म्हणा.