सशाची वाट

आबा, आपलं शेत परवा साफ केलं. तुम्ही गेल्यापासून ते पडीक होतं. माय पिंपळनेरला मामांकडे राहायला गेली, मी नववी सोडून जळगावला कामाला लागलो, आणि मागे बोरी, घाणेरी, डोक्याएवढं गवत असं सगळं वाढत गेलं. आता मामा तिथे मका लावणार आहेत. ट्रॅक्टर ठरला, तेव्हा माय एवढंच म्हणाली की आधी तुमचा दगड सापडला पाहिजे. आपल्याकडे गेलेल्या माणसाला आपल्याच शेतात मातीत ठेवतात आणि डोक्याशी एक दगड उभा करतात. गवतात तो ट्रॅक्टरवाल्याला दिसणार नाही, उचकटून कुठेतरी फेकला जाईल, या धास्तीने तिचं जेवण कमी झालं होतं. ती म्हणे, तो मोहाच्या झाडाखाली. मामा म्हणत, विहिरीकडे. मोह तर वादळात पडलेला. मला फक्त आठवतं, की दगड काळा होता आणि माझ्या कमरेला लागत होता.

मामांनी रोपवाटिकेतून गवत कापायचं मशीन मागून आणलं. दोन दांडे धरून मागून चालायचं, औत धरल्यासारखं, खाली रुंद पातं फिरतं. बोरीची खोडंसुद्धा कापली जातात. पात्याला दगड चालत नाही, म्हणून मशीन घालण्याआधी मी विळ्याने गवत बाजूला सारून दगड वेचत होतो. प्रत्येक दगड हातात घेऊन उलटसुलट बघायचो, मग बांधावर ठेवायचो. एखादा तुमचाच तुटलेला तुकडा असेल, आणि मीच तो बांधावर टाकेन, अशी भीती वाटत होती. मामा म्हणाले, "भाचा, दगड वेची राहिना का तांदूळ?"

दुपारपर्यंत तीन बाजू झाल्या. चौथी, नाल्याकडची, मी तशीच ठेवली होती. ते ठरवून केलं नव्हतं, हातच तसे वळले. तुम्हाला तो दिवस आठवत असेल. तुम्ही एका टोकाला कापताय, मी दुसऱ्या. मला गंमत वाटते म्हणून मी गोल फिरत चारी बाजूंनी कापत येतो आणि मधे गवताचा एक पुंजका उरतो, नाल्याकडच्या एका पट्ट्याने अजून जोडलेला. त्यात ससा असतो. तुम्ही माझ्या हातातून विळा काढून घेता. मारत नाही. स्वतःही नाल्याकडचा तो पट्टा कापायचा थांबवता आणि म्हणता, "चारी बाजूनं नको येऊ. एक बाजू उघडी ठेव. त्याले जावाले वाट पाहिजे." मग मला पुंजक्याकडे पाठ करून बसवता, स्वतःही बसता. बघितलं तर तो निघणार नाही, म्हणता. तुमच्या नडग्यांवर विळ्याचे जुने वण आहेत, मी ते बघत बसतो. बऱ्याच वेळाने आपण वळतो, तेव्हा गवत तसंच असतं आणि ससा गेलेला असतो.

मामांना ते उरलेलं गवत बघून हसू आलं. म्हणाले, "या आवाजवरी ससा गुजरातमा पोची गया व्हई. काप."

मी थकलो होतो. मोहाकडे काही मिळालं नव्हतं, विहिरीकडेही नाही. नाल्याकडे तुम्ही असाल असं कुणीच म्हटलं नव्हतं, म्हणून तेवढ्या पट्ट्यात मी दगड बघितले नाहीत. मशीन घातलं. थोडं गेलं आणि खाडकन आवाज होऊन बंद पडलं.

दगड कलला होता, अर्धा मातीत गेलेला. आता तो माझ्या गुडघ्यालाही लागत नव्हता. खालच्या अंगाला पांढरी ताजी खूण उमटली होती. मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मायला आणायला गेले. ती आली, बसली, पदराने माती पुसली. खुणेवरून अंगठा फिरवत म्हणाली, "हाई काय लागनं त्यासले?"

मी म्हटलं, मशीनचं पातं.

"नडगीवरच लागनं," ती म्हणाली. "कायम तठेच लागे त्यासले." मग ती हसली की रडली ते मला कळलं नाही. मामा रडत होते. मी पेट्रोलचा डबा धरून उभा होतो. मला काहीच होत नव्हतं. रात्री ती पोटभर जेवली.

आता जळगावला, मेहरूणच्या खोलीवर हे लिहितोय. शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही, म्हणून 'खूण' दोनदा तपासलं. पाठवायचं कुठे ते माहीत नाही, मायला वाचून दाखवायचं नाही. मशीन बंद पडलं तेव्हा मी आधी प्लगची वायर काढली, मशीन आडवं केलं, आणि पातं वाकलंय का ते बोटाने सगळीकडून बघितलं. वाकलं नव्हतं. मला बरं वाटलं. गवत बाजूला करून तुम्हाला बघितलं, ते त्याच्यानंतर.