पांढऱ्या झब्ब्यातला रोबो

३ डिसेंबर, बुधवार

खालच्या मजल्यावरची वल्लरी आली होती. नववीत आहे. तिच्या शाळेच्या रोबोटिक्स टीमला स्पर्धेसाठी बंगळूरला जायचंय. खर्च जमवायला येत्या चौदा तारखेला परळला शाळेच्या पटांगणात मेळावा — खाऊचे स्टॉल, खेळ, शिवाय त्यांचा रोबो. एका स्टॉलवर मोठं माणूस कमी पडतंय. म्हणाली, "काका, तुम्ही नुसतं बसायचं. बोलायला नाही लागणार."

हे पटलं. हो म्हणालो.

नलू असती तर तिने अख्खा मेळावा हातात घेतला असता आणि मला घरी ठेवलं असतं.

५ डिसेंबर

चार महिने झाले नलूला जाऊन. अजून एकदाही रडू आलेलं नाही. भेटायला येणारे सगळे रडून गेले — तिची एकच दाढ काढलेला डेंटिस्टसुद्धा. मी त्यांना पाणी देतो. आमचा उन्मेष पुण्याहून रोज फोनवर सांगतो, बाबा, आईसाठी एकदा रडून मोकळे व्हा.

कसं होतात? काल तिची शाल घेऊन, दार लावून बसलो. बराच वेळ बसलो. मग भूक लागली.

माझ्यातच काहीतरी बिघाड असणार.

११ डिसेंबर

रोबो बघितला. माझ्या खांद्याएवढा आहे. समोर कोणी आलं की त्याला कळतं, मग हात जोडून मान खाली घालतो. स्वागतासाठी! आतल्या तारा दिसू नयेत म्हणून पोरांनी सरांचा पांढरा झब्बा चढवलाय. छान दिसतो.  

शेजारच्या बकुळाताई नारळाच्या वड्या करून देणार आहेत. त्या मी विकायच्या.

१४ डिसेंबर, रविवार

लिहिलंच पाहिजे.

मी वड्या घेऊन बसलो, शेजारी रोबो. पहिल्या आल्या नलूच्या भिशीतल्या वासंतीताई. मला बघून चेहरा पडला. पर्स उघडली होती ती बंद केली आणि खुर्चीवर टेकल्या. शेवटी फार त्रास नाही ना झाला, विचारलं. नाही म्हटलं. वडी देऊ?

"छे हो. तुमच्याकडून गोड कसं मागायचं?"

थोडा वेळ बसून उठल्या. 'येते' म्हणाल्या नाहीत. दुःखाच्या घरातून निघताना म्हणत नाहीत ना — तसंच. त्यांचं बघून पुढच्यांनीही तेच केलं. एकाने तर चपला काढल्या. पलीकडे भेळेला ही रांग, आणि माझ्याकडे सांत्वन! त्यात बाजूला पांढऱ्या झब्ब्यातला रोबो, येईल त्याच्यापुढे हात जोडून मान खाली घालतोय. झब्बा चढवला तेव्हा हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. दोघी बायका त्यालाही उलटा नमस्कार करून गेल्या.

वल्लरी कानाशी येऊन म्हणाली, काका, जरा हसा ना, बंगळूर जातंय हातचं. प्रयत्न केला. बघून म्हणाली, राहू दे.

दुपारी नायगावहून तात्या आले. नलूचे काका, घराण्यात आता सगळ्यात मोठे. मोतीबिंदू आहे, ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. माझा हात हातात घेतला. मग दुसरा हात रोबोच्या खांद्यावर ठेवला.

"उन्मेष, कधी आलास? धीर धर रे बाळा."

रोबोने मान खाली घातली. तात्यांना भरून आलं. पाठीवरून हात फिरवत राहिले. हाडं लागतात म्हणे, जेवत नाही का हा? तेवढ्यात रोबोच्या पोटातून वल्लरीचा रेकॉर्ड केलेला आवाज — "वडी घ्या ना, प्लीज!"

तात्या थांबले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "धक्क्याने आवाज बारीक झालाय पोराचा."

संपलं! हसू फुटलं ते आवरेना. तोंडावर रुमाल दाबला. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. शेवटी टेबलावर डोकं टेकलं. मागे कोणीतरी म्हणालं, रडले एकदाचे बिचारे. बकुळाताई धावत आल्या, मला थोपटायला लागल्या.

तात्यांनी चाचपडत एक वडी उचलली, मोडली, अर्धी माझ्या तोंडात घातली. म्हणाले, पुरे आता, दुखवटा संपला, तोंड गोड कर. घराण्यातल्या मोठ्या माणसानेच गोड भरवलं म्हटल्यावर सगळ्यांचीच अडचण सुटली. वासंतीताईंनी पुन्हा पर्स उघडली. मग झुंबड. भेळवाले बघत राहिले.

तात्या निघताना रोबोसाठी चार वड्या वेगळ्या ठेवून गेले.

१५ डिसेंबर

बंगळूरचं जमलं! वल्लरी सांगायला आली. मी हसत होतो हे तिला माहीत आहे, कारण ती टेबलाखाली बसून हसत होती. कोणाला बोलायचं नाही असं आमचं ठरलं.

बकुळाताईंनी उन्मेषला फोन करून मी रडल्याचं कळवलं. रोजच्या फोनवर मला म्हणाला, बरं झालं बाबा. त्याचाच आवाज भरून आला होता. मी बंगळूरचं सांगत बसलो. पोराला फसवल्यासारखं वाटतंय.

१७ डिसेंबर

रविवारचं वाचून बघितलं. सगळं बरोबर आहे. एवढंच राहिलं — टेबलावर डोकं टेकलं तेव्हा हसू थांबलं होतं.