डॉक्टरांच्या बंगल्यातला राहुल

बालाघाट, ४ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
दीपिकाचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तुले ऐकू येत नाही म्हणून लिहून राह्यली. मोतीलाल डॉक्टरांच्या बंगल्याचं कलासंग्रहालय झालं, तिथं मले तिकिटाचं काम भेटलं. ज्या घरात तू सात वर्षं स्वयंपाक केला तिथं मी आता खुर्चीवर बसते. हासशील ना?

पण एका गोष्टीनं झोप उडाली. डॉक्टरांनी जमवलेल्या चित्रांत एक पुठ्ठ्यावरचं आहे. नदीकाठी पोरगा, डाव्या कानाची पाळी फाटलेली. आपल्या राहुलदादाची कुंपणाच्या तारेनं फाटली होती, तशीच. मी पाच वर्षांची होती, पण तो कान आठवते. खाली लिहिलं आहे, 'काल्पनिक बालक', चित्रकार डॉक्टरांच्या पत्नी. आई, हे खरंच त्यांनी काढलं का?

उत्तराची वाट पाहते. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी दीपिका


लांजी, ११ ऑगस्ट

चि. दीपिकास अ. आ.
त्यायनं नाही, मीच काढलं. राहुल वैनगंगेत गेला तेव्हा आपल्यापाशी त्याचा एक फोटो नव्हता. दोन महिन्यांत मले त्याचा चेहरा नीट आठवेना. लय भेव वाटलं. बाईसाहेबांचे उरलेले रंग मागून औषधाच्या खोक्यावर काढला. घरी आणला, तर तुह्या बाबानं ताटावरून उठून चित्राचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मंग डॉक्टरांनी मागितला, तं देऊन टाकला.

बाईसाहेब चांगल्या होत्या, त्यायनं चोरला नाही. कोणी न विचारता लिवलं असन. तू काही बोलू नको. नोकरी मोठ्या मुश्किलीनं लागली. वेळेवर जेवत जा, अन् आईवर माया ठेव.
तुही आई, अंजना


बालाघाट, २५ ऑगस्ट

ती. आईस सप्रेम जयभीम.
तुझं ऐकून गप्प राह्यली. काल जबलपूरचे पाहुणे आले. डॉक्टरांची पुतणी, संग्रहालय सांभाळणाऱ्या शीला मॅडम, त्यांना सांगत होत्या की काकूला लेकरू नव्हतं, म्हणून काकूनं मनातलं लेकरू रंगवलं. पाहुण्यांचे डोळे भरले. माझ्या तोंडून निघून गेलं की हे मनातलं नाही, हा माझा भाऊ आहे. मॅडमनी सबूत मागितला. माझ्यापाशी काय होतं? उद्यापासून येऊ नको म्हणाल्या.

रागावू नको, अंतर देऊ नको.
दीपिका


लांजी, २ सप्टेंबर

चि. दीपिकास अ. आ.
काल तुले न सांगता बालाघाटले गेलती. सांगितलं असतं तं तू अडवलं असतं. तिकीट काढून आत गेली. पंचवीस वर्षांनी लेकरासमोर उभी राह्यली, अन् तिथंच खाली बसली. मॅडमनं पाणी आणलं, तं मी सांगितलं, हे चित्र मी काढलं. मंग कागद-पेन्सिल देऊन म्हणाल्या, काढून दाखवा. माह्या हातानं एक रेघ निघाली नाही. मी सांगितलं, त्याच्यानंतर मी काहीच काढलं नाही. मंग तो कसा होता तेच सांगत बसली. तार कशी लागली, गरम पेज कसा फुंकत होता, पाण्याले कसा भेत नव्हता.

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाल्या, चित्रकाराचं नाव बदलायले बैठक घ्यावी लागते, भरोसा देता येत नाही. मी म्हटलं, माह्या नावाचं राहू द्या, फक्त 'काल्पनिक' खोडा. तो जुलैत शाळेत जाणार होता, जूनमध्ये गेला. शाळेच्या रजिस्टरात नाही, राशनकार्डात चढवायचं राहून गेलं. त्याचं नाव कुठंच लिवलेलं नाही.

तुह्या नोकरीचं त्या बोलल्या नाही, मीही विचारलं नाही. पण त्यायनं पेन काढला, 'काल्पनिक बालक' हे दोन्ही शब्द खोडले, अन् पोराचं पुरं नाव विचारलं. आजवर ते कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, राहुल हिरालाल मेश्राम, वय सहा. माह्यासमोर लिवलं.

जिवाले जप.
तुही आई