डॉक्टर म्हणतो, राग बंद

पौष वद्य २

बीडला गेलतो. मनानं न्हाई, सौ.नं नेलं. परवा रानात उभ्या उभ्या नाकातून रक्त आलं, धोतर भरलं. डोकं तर दिवाळीपासून घुमतंय, ते तिला सांगितलं न्हवतं. आता कळलं.

डॉक्टर तरणा हाय, हैदराबादेकडून आलेला. मला वाटलं सुरी काढील, न्हाईतर सुई. तसलं काही न्हाई. दंडाला पट्टी गुंडाळली, आत रबराची पिशवी. हातातला फुगा दाबत गेला तशी पट्टी आवळली अन् पेटीतल्या काचेच्या नळीत पारा चढत गेला. दंडावर बैल उभा राहिल्यागत वाटलं. मग कानात नळ्या घालून माझ्या कोपराच्या खोबणीत ऐकत बसला. पारा उतरवला, पुन्हा चढवला. दुसऱ्या हाताला पण तेच.

नंतर अंधाऱ्या खोलीत नेऊन बारक्या आरशानं डोळ्यात उजेड पाडला. म्हणाला, रक्ताच्या नळ्या न चिरता डोळ्यानं बघायच्या तर हीच एक जागा. तुमच्या तांब्याच्या तारेसारख्या दिसतात. कडक झाल्यात. रक्त लई जोर लावून चाललंय. एखादी कधी फुटंल, सांगता येत न्हाई.

हुकूम असे: मीठ कमी. तंबाखू बंद. घोडं बंद. राग बंद.

पहिल्या तिन्हींचं बघू. पाटलाला राग बंद म्हंजे चावडीला कुलूपच लावा की.

पौष वद्य ४

मळ्यात हुरडा. सौ.नं माझ्यापुढची चटणी उचलली. मी पुतण्याच्या, नरहरीच्या पानातली घेतली. तो हसला. म्हणाला, काका, आता जरा बसून खावा, कामं आमी बघू. 'आमी' म्हंजे कोण ते इचारलं न्हाई.

पौष वद्य ७

नेकनूरला हकीमसाबांकडं गेलो. घोड्यावरूनच. खरं लिहितो, बीडच्या पोराचं खोटं पाडायला गेलतो. पेटीची गोष्ट आधी सांगितलीच न्हाई. नुसता हात पुढं केला.

त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली, डोळे मिटले. लई वेळ. बाहेर कुणाचा बोकड ओरडत होता तेवढाच आवाज. मग म्हणाले, आधी ही रग बोटाखाली दबायची, आता दोरीगत घरंगळते.

"तुमच्या लेकीच्या लग्नातच नाडी धरून बोललो होतो, पाटीलसाब. तुमी हसले."

हसलो होतो खरा. एकानं पाऱ्यानं सांगितलं, दुसऱ्यानं बोटानं. तिसरा शोधायला जाण्यात अर्थ न्हाई.

परत पण घोड्यावरूनच.

पौष वद्य ९

नरहरीनं न्हावी धाडला, तुंबडी लावून रक्त काढायला. म्हणे जोर कमी होईल. त्याला गूळपाणी देऊन वाटंला लावला. हकीमसाब अन् डॉक्टर दोघांनी टिपूसभर रक्त न सांडता सगळं वळखलं. आता न्हाव्याला कशाला देऊ?

पौष अमावास्या

जहागिरीच्या कारभाऱ्याचा स्वार आला. जहागीरदाराचे छोटे सरकार शिकारीला येणार, मांजरसुंब्याच्या घाटात तंबू पडणार. गावातल्या सगळ्या गाड्या अन् घरटी एक माणूस, शिकार संपेस्तोवर. वेठ. मजुरी न्हाई, बैलांना चारा पण आपलाच.

रानात ज्वारी काढणीला आलीय. आता माणसं गेली तर कणसं पाखरं खातील.

चावडीत भर माणसात म्हणालो, जमणार न्हाई. स्वार उर्मट बोलला. मी वरडलो. मग कानात गिरणी सुरू झाल्यागत झालं, स्वाराचं तोंड हलताना दिसलं, ऐकू येईना. खांब धरला. नरहरीनं अन् दोघांनी काखेत हात घालून मला खाली बसवलं. त्या स्वारासमोर. लेकरासारखं.

नरहरी स्वाराला म्हणाला, काकांची तब्येत बरी न्हाई, गाड्या येतील.

माघ शुद्ध १

गावभर एकच. पाटलाची नस फुटणार. पाया पडायला येतात अन् डोळ्यात बघतात, जिता हाय का. नरहरी कारभाऱ्याला भेटून आला. पाटीलकी त्याच्या नावावर करायचं घाटतंय, असं ऐकतो. पेटीतला पारा त्याच्या कामाला आला.

सौ. जेवताना वाढत वाढत म्हणाली, गाड्या जाऊ द्या, तुमी राहा. मी ताट सरकवून उठलो. नंतर वाईट वाटलं. तिच्या आईला अशीच नस फुटून झटका आला होता, अर्धं अंग गेलं, तोंड वाकडं. सगळं हिनंच केलं.

पण एकदा खाली बसलो तर मरेस्तोवर बसूनच. ते जमणार न्हाई. मग डॉक्टरच्या त्या नळीनं काय वाचवलं?

माघ शुद्ध २

हकीमसाब स्वतः आले, टट्टूवर. नाडी बघितली. डॉक्टरचं, गाड्यांचं, सगळं सांगितलं त्यांना. म्हणाले, डॉक्टरनं राग नको म्हटलंय, नाही म्हणू नको असं कुठं म्हटलंय? आवाज न चढवता म्हणा. मी म्हणालो, मला ते येत न्हाई. म्हणाले, शिका, वय झालंय.

माघ शुद्ध ४

सकाळी काठी घेऊन निघालो, घोडं न्हाई. घरोघर गेलो. दम लागला की ओट्यावर टेकलो. एकच बोलणं, ते पण हळू: गाडीची चाकं आसावर धरणाऱ्या खिळी काढून माझ्या घरी आणून ठेवा. ज्याची मर्जी न्हाई त्यानं ठेवू नये. कुणावर वरडलो न्हाई. शिवा माळ्यानं भ्यानं दार लावून घेतलं, तरी न्हाई.

तिन्हीसांजेला ओसरीत ढीग. शिवा सगळ्यात शेवटी आला. सौ.नं ढिगावर घोंगडं टाकलं. कुणाला दिसू नये म्हणून.

माघ शुद्ध ५

नरहरीनं गाड्या जुंपायला माणसं धाडली. एक गाडी वेशीपर्यंत गेली, चाक निखळून आडवी. गाड्या न्यायला आलेला स्वार शिव्या देत गेला. गावानं दिवसभर ज्वारी काढली. मी बांधावर बसून बघितली. कानात काही घुमलं न्हाई.

माघ शुद्ध ८

बोलावणं. कारभाऱ्यापुढं बीडला हजर व्हा. नरहरी म्हणाला, काका तुमी कशाला, मी जातो, आजारी हायेत म्हणून सांगतो. त्याला म्हणालो, मी आजारी हाय अन् मीच जाणार. ह्यात तुला न समजण्यासारखं काय हाय? हळूच म्हणालो.

सौ. म्हणते, मी पण येणार. आधी दवाखाना, मग कारभारी. कबूल केलं.

माघ शुद्ध १०, बीड

कारभाऱ्याच्या हवेलीच्या पडवीत बसून पेन्सिलीनं लिहितोय.

सकाळी डॉक्टरनं पट्टी बांधली. पारा आधी होता तिथंच. तंबाखू सोडली, मीठ सोडलं, वरडणं सोडलं, तरी तिथंच. डॉक्टर म्हणाला, इतक्या लवकर उतरत न्हाई, अन् उतरंलच असं पण न्हाई. आज कुणापुढं उभं राहू नका. मी म्हणालो, राहिलेली ज्वारी आजच उभी हाय.

सौ.नं पदर सारखा केला अन् त्याला इचारलं, तुमी कानानं काय ऐकता? तो जरा घुटमळला. मग नळ्या काढून तिच्या हातात दिल्या. तिनं कानात घातल्या. तो फुगा दाबत गेला, पारा उतरवत आणला. ती खाली मान घालून ऐकत राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तिला असं कधी बघितलं न्हवतं. मला वाटलं, आता रडंल, म्हणंल घरी चला.

नळ्या परत देऊन गाडीत बसली. हवेलीच्या दारात आल्यावर बोलली.

"लई जोरात चाललंय आत. सावकाश बोला." मग माझ्याकडं बघून, "पण बोला."

नरहरी आमच्या आधीच आलाय. घोड्यावरून. आत बैठकीत त्याचं हसणं ऐकू येतंय. सौ. बाहेर गाडीत बसलीय, बैल सोडू दिले न्हाईत. मनगटावर बोटं ठेवून बघितली. दोरी हाय, चाललीय.

शिपायानं नाव घेतलं. उठतो. पागोटं नीट करून आत गेल्यावर पहिलं वाक्य हळूच बोलणार: जमणार न्हाई.