गगनमामा आणि पतनमामा

९ फेब्रुवारी १९८६

बाचूने जेवायला बसण्याआधीच अंक माझ्या ताटाशेजारी आपटला. "वाच दिदी, आणि मग जेव. जेवण गेलं तर."

कृष्णनगरहून निघणारं कसलंसं छोटं मासिक. नाव 'शुकनो लंका', म्हणजे सुकी मिरची. कागद वाण्याच्या पुडीचा. आत गोष्ट — 'पतनमामा आणि शनीची कडी'. लेखक: श्री. अर्धचंद्र.

माझ्या गगनमामाची टिंगल. चांगली आठ पानं.

एकोणीस वर्षं झाली, 'जोनाकी' या बालमासिकात गगनमामा लिहितेय. छपरावरच्या पाण्याच्या टाकीचं त्याने यान केलं, टुटू आणि भोंबल या भाचरांना घेऊन तो ग्रहाग्रहांवर जातो, आणि संकट आलं की कोटाचं तिसरं बटण फिरवतो. मग सगळं ठीक होतं. या अर्धचंद्राच्या गोष्टीत ते बटण तुटून शिंप्याकडे गेलंय. राक्षस समोर उभे, आणि पतनमामा एका हाताने कोट आणि दुसऱ्या हाताने विजार धरून आख्ख्या शनीला प्रदक्षिणा घालतोय. राक्षसांनाच शेवटी दया येते. ते त्याला सेफ्टी पिन देतात.

बाचूसमोर तोंड पाडून बसले. तो पान आणायला खाली उतरला तेव्हा हसले. पोट दुखेपर्यंत.

जेवण गेलं. दोनदा भात घेतला.

११ फेब्रुवारी

बाचू वकिलाचं नाव काढून बसलाय. "मानहानी आहे ही."

"कोणाची? मामाची?"

"तुझी. नीट वाच. लेखिकेचं नाव काय छापलंय? सुप्रीती बागचीच्या जागी कुप्रीती बागची!"

ते मला दिसलं नव्हतं. परत हसू आलं, ते खोकल्यात लपवलं. आता दिवसभर आल्याचा काढा पितेय. धाकटा भाऊ असला की खोटा खोकलाही महागात पडतो.

३ मार्च

कॉलेज स्ट्रीटला 'जोनाकी'च्या कचेरीत गेले. संपादक कालीकिंकरबाबू चहा विसरून बसले होते, वर साय धरली होती. "मालक भडकलेत. नोटीस पाठवू म्हणतात. एका नोटिशीत बंद पडेल ते मासिक."

म्हटलं, राहू द्या.

"तुमचं मन फार मोठं आहे, सुप्रीतीदी."

मन वगैरे काही नाही. मला पुढचा अंक वाचायचाय.

२० मार्च

नवा भाग लिहायला घेतला. मामा मंगळाच्या वाळूत कमरेपर्यंत रुतलाय. टुटू रडतेय. मामाचा हात कोटाकडे गेला — आणि मला विजार दिसली.

पान फाडलं. दुसरं घेतलं. पुन्हा विजार.

७ एप्रिल

हॅलेचा धूमकेतू बघायला सगळी गल्ली छपरावर. धुराशिवाय काही दिसलं नाही. बाचूने एका विमानाला नमस्कार केला.

पण 'शुकनो लंका'चा दुसरा अंक आला! 'पतनमामा आणि धूमकेतू'. टाकीत बसल्यापासून कोणी काही खाल्लेलंच नाही. भोंबल धूमकेतूची शेपटी चाटतो आणि म्हणतो, "हिलसा मासा आहे, पण शिळा." टुटू नकाशा खाते. पतनमामा म्हणतो, "निदान आपला देश तरी ठेव."

खरंच की. मी त्यांना कधी जेवूच घातलं नाही! तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, कुठल्या देशात काय खातात ते पोरींकडून घोकून घेतलं, आणि माझ्या माणसांना मूठभर मुरमुरे दिले नाहीत.

मंगळावर खिचडी शिजवली. वर तळलेली वांगी.

२२ एप्रिल

कालीकिंकरबाबू म्हणाले, "छान आहे. पण खिचडीत दोन पानं गेली, आणि मामा अजून वाळूतच."

२ मे

वीज नाही. मामाही नाही.

१४ जून

दुर्गापूजेला निघणाऱ्या पूजा अंकाची कादंबरी द्यायची वेळ आली. एक पान झालं नाही. फुटबॉलचा विश्वचषक चालू, गल्लीत सगळीकडे अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे. बाचूने आमच्या गॅलरीला माझी जुनी निळी साडी बांधली. न विचारता. अर्जेंटिनाचं काय होणार याची सगळ्यांना काळजी. मंगळावरच्या माणसाची कोणाला नाही.

बटण काढून टाकलं तर मामा संकटातून सुटतच नाही. त्याच्यापाशी दुसरं काय आहे, तेच मला सुचत नाही. एकोणीस वर्षांत मी बघितलंच नाही.

रासबिहारीच्या नाक्यावरचा पेपरवाला मला आता लांबूनच हात हलवून सांगतो — मिरची आली नाही.

२४ जून

कृष्णनगरला जाऊन आले! बाचूला सांगितलं, मावसबहीण लावण्यकडे चाललेय.

मासिकाच्या मागच्या पानावर पत्ता होता. गेले तर दाताचा दवाखाना. पाटी — डॉ. निरुपम तरफदार. परत फिरणार होते, तेवढ्यात दार उघडलं आणि चष्म्याला दोरी बांधलेला एक सडपातळ माणूस म्हणाला, "या. कुठली दुखतेय?"

डावीकडची खालची दाढ खरंच हलत होती. नाव विचारलं तर लावण्य घोष सांगितलं. खुर्चीत बसवलं, सुई टोचली, तोंडात कापूस कोंबला. मग त्याची नजर माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या 'जोनाकी'वर गेली, आणि जो सुरू झाला तो थांबेचना.

"तुम्हीही गगनमामा वाचता? मी चौदा वर्षांचा असल्यापासून वाचतोय. एक भाग चुकवला नाही. पण या बाईंनी त्याला वाऱ्यावर सोडलंय हो."

मी म्हटलं, "आं."

"त्र्याहत्तर साली शुक्रावर त्याचा डावा पाय मोडला. पुढच्याच महिन्यात तो बुधावर पळतोय! कोणी विचारलं, पाय कसा आहे? टुटूने नाही, भोंबलने नाही. बाईंनीही नाही."

"आं आं."

"आणि ते बटण! एवढा हुशार माणूस, त्याला बटण कशाला लागतं? पण बाईंना तो पटतच नाही. त्या त्याला हसतात. मनातल्या मनात. वाक्यावाक्यात कळतं ते. दुखतंय का?"

दुखत होतं. पण दाढेत नाही.

दाढ काढली. कापूस बदलला. मग मी बोबड्या तोंडाने म्हटलं, "म्हणून त्याची विजार उतरवलीत?"

त्याचा चिमटा हातातच राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"पत्ता तुमचाच आहे. आणि मी लावण्य नाही."

तो माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडेच बघत राहिला. आपण नक्की कोणाची दाढ काढली, याचा हिशेब लागत नसावा. मग स्टुलावर बसला. "दिदी, ती टिंगल नव्हती. मी काही लेखक नाही. राग आला, तर माझ्यासारख्या माणसाने करायचं काय?"

आतून त्याची बायको आली — मंदिरा. बशीत सरपुरिया. "दाढ काढलेल्या बाईंना मिठाई देऊ नये हे मला कळतं," ती म्हणाली, "पण यांनी नक्की तुमचं डोकं खाल्लं असणार. लग्न झाल्यावर माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलले असतील? गुरूचे चंद्र किती, सांगता येईल का?"

"सांगता आलं का?"

"मी म्हटलं, तुम्ही मोजा, मी झोपते."

सरपुरिया उजव्या बाजूने खाल्ली. येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली. खूप बरं वाटत होतं, का ते कळत नव्हतं.

२५ जून

तो बरोबर बोलला.

मामा मुळात थट्टाच होती. तेव्हाच्या बालमासिकांत एकेक शास्त्रज्ञ काका, मामा, दादा असायचे, सगळे सर्वज्ञ. त्यांची गंमत म्हणून मी सुट्टीत एक गोष्ट लिहिली. बटणसुद्धा त्यासाठीच. कालीकिंकरबाबूंनी ती खरी समजून छापली. मुलांनीही खरी समजून वाचली. पुढचा भाग कधी, म्हणून शाळेच्या फाटकाशी पोरी घेराव घालायच्या. मग कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणजे एवढ्या वर्षांत मामावर खरा विश्वास ठेवणारा एक माणूस होता, आणि तो कृष्णनगरला दात उपटत होता.

१ जुलै

अर्जेंटिना जिंकल्यापासून बाचू हवेत आहे. त्या भरातच त्याला कृष्णनगरचं सगळं सांगून टाकलं, आणि हेही: पूजा अंकाची कादंबरी तरफदार लिहील, तसं पत्रही टाकलंय. त्याच्या नावाने.

बाचू खाली आला. "ज्याने मामाची विजार उतरवली, त्यालाच मामा देऊन टाकायचा?"

"तोच नीट चढवेल."

"आणि तू काय करशील?"

म्हटलं, साडी उतरव गॅलरीतली, धुवायचीय.

८ जुलै

कालीकिंकरबाबूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मालकांना काय सांगू?"

"सांगा, लेखिका थकली. आणि नवा माणूस मामाला तिच्यापेक्षा जास्त ओळखतो."

"सुप्रीतीदी, हे मासिक त्या मामावर चालतं. पूजा अंक पडला तर मी आणि तुम्ही दोघंही घरी."

"मी घरीच असते, कालीकिंकरबाबू. आधी वाचा, मग बोला."

असं म्हणाले खरं, पण घरचा थांबा आला तरी ट्राममध्येच बसून राहिले.

१९ जुलै

तरफदार स्वतः आला. पावसात भिजून, कागद मात्र कोरडे. चहा घेईना, बसेना.

"दिदी, एक अडचण आहे. मामा पडतच नाही. विनोद करायला जातो, तर तो सरळ उभा राहतो आणि माझ्याकडे बघतो."

"बघू दे."

"त्याचा पाय... त्याला काठी दिली तर चालेल?"

"तुमचा मामा आहे. मला कशाला विचारता?"

तो वाकला आणि नमस्कार केला. जिन्यावरून उतरताना काहीतरी पुटपुटत होता. बहुधा भोंबलशी बोलत असावा.

तो गेल्यावर घर मोठं वाटलं. टाकीतली सगळी माणसं सामान घेऊन निघून गेल्यासारखं. बाचूने न सांगता मुरमुरे कालवून आणले, कच्चं मोहरीचं तेल आणि हिरव्या मिरच्या घालून. दोघांनी एकाच वाडग्यातून खाल्ले.

१६ ऑगस्ट

काही न करायला शिकतेय. जमतं. सकाळी बाजार, दुपारी झोप, संध्याकाळी बाचूशी रेडिओवरून भांडण. आज हिलसा आणला, मोहरी लावून वाफवला. काटे काढता काढता तासभर कोणत्याही ग्रहाची आठवण आली नाही.

२१ सप्टेंबर

'जोनाकी'चा पूजा अंक आला. गगनमामा, लेखक निरुपम तरफदार.

बाचू अंक घेऊन न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो डोळे लाल. "साबण गेला," म्हणाला. मग थोड्या वेळाने: "काठी टेकत तो टाकीपर्यंत चालत जातो ना, ते बरं जमलंय."

मी वाचलं. बटणाचं नावही नाही. मामा वाळूतून सुटतो तो वाळूचा ढीग कसा सरकतो हे नीट बघून. टुटू विचारते, "मामा, पाय दुखतो का?" — एवढं एकच वाक्य. मी अंक मिटून गॅलरीत उभी राहिले.

६ ऑक्टोबर

कालीकिंकरबाबूंचा फोन. अंक पुन्हा छापायला टाकलाय. मालक सगळ्यांना सांगत सुटलेत की ही कल्पना त्यांचीच.

मंदिराने सरपुरिया पाठवली. यावेळी दोन्ही बाजूंनी खाल्ली.

२ नोव्हेंबर

तरफदारचा नवा भाग आला. मामा काठीवर दोन्ही हात ठेवून नेपच्यूनच्या क्षितिजाकडे बघतो आणि मानवजातीच्या कर्तव्यावर दीड पान बोलतो. टुटू आणि भोंबल हात जोडून ऐकतात. कोणी खोकतसुद्धा नाही.

दोनदा वाचलं. मग कोरा कागद ओढला. किती महिन्यांनी!

'पतनमामा बोलू लागला तेव्हा नेपच्यूनवर सकाळ होती. थांबला तेव्हा भोंबलला दाढी आली होती.'

बाचू जेवायला हाका मारतोय. हात थांबत नाहीये.