महांतेशच्या सायकलचे ब्रेक

स्वप्नाली,

मी पडल्याचं तुला कळलंच असंल. यात्रेच्या शर्यतीत कालव्याच्या उतारावर पुढचा सायकलवाला आडवा झाला आणि मला थांबताच आलं न्हाई. आपल्याकडं शर्यतीआधी सगळेच ब्रेक काढून ठेवतात, सायकल हलकी पळते म्हणून. मीबी काढलते. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. रडू आलं न्हाई. कॉलेज सोडलं तवा निदान राग तरी आलता, आता तोही येत न्हाई.

काल तुझा भाऊ महांतेश मला बघायला आलता. म्हणाला, "अमऱ्या, रविवारी चकलांब्याच्या शर्यतीत मी उतरतोय. ब्रेक काढून टाकले."

"परत लाव बे. तिथला उतार लई वाईट हाय."

"ब्रेक लावून पळायला मी काय दूधवाला हाय का?"

मी चांगल्या हातानं तांब्या फेकून मारला. त्यानं तो झेलला, पाणी पिला आणि हसत गेला.

महांतेश फक्त तुझं ऐकतो. माझा नंबर तू ब्लॉक केलास, त्याबद्दल काही म्हणणं न्हाई. पण ही चिठ्ठी पोचवायची, तर तुमच्या घरात जाणारा माझ्या ओळखीचा एकटा तोच हाय, आणि ब्रेकचं वाचून तो ती तुला देणार न्हाई.

म्हणून उद्या सकाळी ही चिठ्ठी घेऊन मीच येतो. पुन्हा दारात दिसलो तर तंगडं मोडीन, असं तुझे अप्पा म्हणालते. मोडू दे. आरडाओरडा ऐकून तू बाहेर येशील. माझ्याकडं बघू नको, पण त्याला ब्रेक लावायला सांग.

तुझा म्हणायची सोय न्हाई,
अमरसिंह