सोलापूरचा कारखाना, पुण्याचा पत्ता

९ जानेवारी १९७६
आज पुन्हा हार. दुपारी तीन तास नरसय्यामामांच्या शेडात. धागा तुटला की माग थांबवणारी आमची पेटी मागाला बसवली, माग सुरू केला, आणि एकही धागा तुटलेला नसताना माग सात वेळा थांबला. कारण तेच. कापसाचा तूस उडतो, फोटोसेलवर बसतो, उजेड मंदावतो, आणि पेटीला वाटतं धागा तुटून आडवा आला. मामा हसले. म्हणाले, पेटीला चष्मा लावा बाई. चार मागांचे मालक, स्वतः विणतात. दोन वर्षं त्यांनी एक माग आम्हाला प्रयोगाला दिलाय, कधी कुरकुर नाही.
कॉलेजातले भालेराव सर मुंबईला. सरकारची नवी योजना आहे म्हणे, संयुक्त क्षेत्र. सरकारी महामंडळ भांडवल घालणार, खाजगी भागीदार घालणार, उरलेलं लोकांकडून शेअर. इलेक्ट्रॉनिक्सला आणि मागास जिल्ह्यांना पहिला मान. सर म्हणतात आपली पेटी यात बसते. आधी ती चालायला तर हवी.

१५ जानेवारी
वहिनी पोरांना घेऊन गड्ड्याच्या जत्रेला गेली. मी लॅबची किल्ली मागून घेतली. सुट्टीची लॅब मला फार आवडते, कुणी चहा मागत नाही.
तूस हळूहळू बसतो. धागा एकदम पडतो. मग हळू येणारं काही पुढं जाऊच द्यायचं नाही, झटका तेवढा सोडायचा. मध्ये एक कपॅसिटर. इतकं साधं. दोन वर्षं आम्ही काच पुसत बसलो होतो.
वहीत आकृती काढली, खाली तारीख टाकली.

१९ जाने.
चालली. सकाळी आठ ते बारा. मामांनी मुद्दाम कात्रीनं पाच धागे कापले, पाचही वेळा माग थांबला. एरवी एकदाही नाही. मामांच्या बायकोनं पेटीला हळदकुंकू लावलं, मी नको म्हणाले नाही.
सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बीएस्सीला बाकीचे सर आम्हा मुलींना लांबून प्रयोग बघायला उभं करायचे. सोल्डरिंगचं आयर्न माझ्या हातात पहिल्यांदा यांनी दिलं. लॅब असिस्टंटची नोकरीही यांच्याचमुळे. आज वाटलं, थोडं फिटलं.

१२ फेब्रु.
महामंडळाचे अधिकारी आले, तरुण, नम्र. शेडात उभं राहून पाऊण तास बघितलं, शर्टभर तूस.
मामांनी एकच विचारलं. आता एक माणूस दोन माग बघतो, ही पेटी लावल्यावर किती बघंल? सर म्हणाले चार, पुढं आठसुद्धा. मामांचा थोरला जावई शहरातल्या मोठ्या मिलमध्ये मागावर आहे, दोन लेकरं. सरांनी लगेच समजावलं की पेटी आधी छोट्या मागवाल्यांना, सोसायटीमार्फत, हप्त्यानं. मिलला पाच वर्षं नाही. प्रस्तावातच तसं घातलंय.
मामा सरांकडं न बघता माझ्याकडं वळले. म्हणाले, "सर मोटे हायत. तुमी सांगा बाई."
मी म्हणाले, होय मामा, तसंच ठरलंय.
सरांनी मला तसंच सांगितलं होतं.

३ एप्रिल
खाजगी भागीदार आले. मुंबईचे शेठ, रेडिओचे भाग बनवतात. हॉटेलच्या वरच्या खोलीत बैठक. मला सरांनी मुद्दाम नेलं, पण शेठना वाटलं मी टिपणं घ्यायला आलेय. सरांनी दुरुस्त केलं नाही. गडबडीत राहिलं असेल.
पेटंटच्या अर्जासाठी माझी वही हवी. दिली. सर म्हणाले पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. मला दुसरंच पुष्कळ.

२७ जून
भूमिपूजन. शहराबाहेर माळावर मांडव, मंत्री दीड तास उशिरा. भाषण चांगलं झालं. सोलापूर आता फक्त चादरीचं नाही, उद्याच्या यंत्रांचं शहर, सरकार आणि उद्योजक खांद्याला खांदा लावून... टाळ्या मीही वाजवल्या, खोटं कशाला लिहू.
मामा धुवट धोतर नेसून तिसऱ्या रांगेत. पेटीचा उल्लेख झाला तेव्हा वळून मला शोधत होते.
शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एकतीस मुलींचे अर्ज माझ्याकडं. मॅट्रिक पास, घरी विड्या वळतात. बारीक काम, बोटं तयार. ट्रेनिंग मी देणार, सरांनी सर्वांसमोर जाहीर केलं. त्या मुलींनी मला गराडा घातला. एक म्हणाली, बाई, खुर्चीवर बसून काम का?
होय म्हणाले. आणखी एक शब्द दिला.

२२ ऑगस्ट
माळावर मांडवाचे खड्डे तेवढे. शेळ्या चरतात. सरांनी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली, महिन्यातून दोन दिवस सोलापुरात. विचारलं तर म्हणतात यंत्रसामग्रीचा परवाना अडकलाय.
त्या एकतीसांतली एक मुलगी रोज कॉलेजच्या फाटकाशी येते. आता दिसली की मी मागच्या दारानं...

१० ऑक्टो.
सरांचं पत्र. टाईप केलेलं. आजवर सरांनी मला कधी टाईप केलेलं पत्र पाठवलं नव्हतं.
कारखाना 'तूर्त' पुण्याजवळ. सोलापुरात ट्रंक कॉल लागत नाही, वीज जाते, चांगले इंजिनीयर इथं राहायला तयार नाहीत. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मात्र सोलापूरच.
संध्याकाळी त्या पत्त्यावर जाऊन आले. पेठेत एका वकिलाच्या माडीखाली कुलूपबंद खोली, वर नवी पाटी. पाटीवर कंपनीचं नाव आणि खाली, शासनाच्या सहभागाने. मागास जिल्ह्याच्या सवलती या पाटीला मिळतात, कारखान्याला नाही. वकिलाच्या कारकुनानं सांगितलं. त्याला त्यात काही लपवण्यासारखं वाटलंच नाही.

६ नोव्हेंबर
दादाला मैत्रिणीचं लग्न सांगून मुंबईला जाऊन आले. महामंडळात त्याच तरुण अधिकाऱ्यांना भेटले. ओळखलं, खुर्ची दिली, फाईल मागवली.
पेटंटचा अर्ज. संशोधक एकच, भालेराव सर. पान चारवर माझी आकृती, तशीच, कपॅसिटरजवळचा माझा बाणसुद्धा. तळाची तारीख कापलेली. शेवटी आभारात 'प्रयोगशाळेतील कर्मचारी'.
नाव तरी असायचं.
मग पहिली ऑर्डर दाखवली. आमच्याच शहरातली मिल. मामांच्या जावयाची मिल. पाच वर्षांची अट कुठं आहे विचारलं. पहिल्या प्रस्तावात होती, शेठनी काढायला लावली, सरांनी सही केली. अधिकारी वाईट माणूस नाही. म्हणाले, आमचं काम भांडवल पुरवणं, चालवायचं भागीदारानं, म्हणूनच याला संयुक्त म्हणतात. फाईल बांधता बांधता हळू आवाजात पुढं म्हणाले की लेखी तक्रार आली, सोबत साक्षीदार असला, तर मला ती वर पाठवावीच लागेल.

७ नोव्हेंबर
परतताना पुण्यात उतरले. कारखाना बघितला. खरा आहे. पांढरे दिवे, लांब टेबलं, मुली खुर्चीवर बसून काम करतायत. दुसऱ्या मुली.
सरांनी स्वतः फिरवून दाखवलं, अभिमानानं. केबिनमध्ये मी वहीचं विचारलं. ते खिडकीकडं बघत बोलले.
"शैला, तू नसतीस तर पेटी झाली नसती, हे मला माहीत आहे. पण लॅब असिस्टंटचं नाव घातलं असतं तर प्रस्ताव कुणी उघडलाही नसता."
मी म्हणाले, मामांना मी शब्द दिला होता.
"तो तू दिलास," सर म्हणाले.
रागावून नाही, साधं. गाडीत सोलापूरपर्यंत तेच ऐकू येत होतं. भांडायला हवं होतं. मी तर निघताना वाकून नमस्कार केला. सवयीनं.

१४ नोव्हें.
दादाला सगळं सांगितलं. तो तहसीलमध्ये कारकून, घाबरला. दिवस कसले आहेत बघतेस ना, आणीबाणी आहे, सरकारविरुद्ध कागद करू नकोस. मी म्हणाले सरकारविरुद्ध नाही, सरांविरुद्ध. तो म्हणाला, फाईलमध्ये ते एकच असतं.
वहिनी पोळ्या लाटत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, तुमचं नाव एका कागदावरून काढलं, आमचं तर कुणी कुठं घातलंच नाही. चिडवत नव्हती.

५ डिसेंबर
मिलमध्ये पेट्या बसू लागल्या. पहिल्या खात्यातली बदली माणसं कमी केली. मामांचा जावई कायम नव्हता, तोही त्यात.
मामांकडं जायला हवं. उद्या.

६ डिसें.
गेले नाही.

९ डिसें.
आज गेले. जावई बाहेरच बसला होता, धाकट्याला मांडीवर घेऊन. मला ओळखत नाही. उठून रस्ता दिला.
मामा मागावर होते. मी सगळं सांगितलं, मुंबईचं, पुण्याचं, वहीचं. मागाच्या आवाजात निम्मं ओरडून सांगावं लागलं, लाज वाटली. मामांनी माग बंद केला. मी म्हणाले मामा, मलाही फसवलं.
ते म्हणाले, "व्हय, फसवलं. पर सरांचा शब्द मी मागितलाच न्हवता की. तुमचा मागितलता."
मी कसंबसं साक्षीचं विचारलं. पेटी कुणी केली, कुठं केली, अट काय होती, एवढंच लिहून अंगठा किंवा सही. अटीचं बोलणं फेब्रुवारीत पाच जणांसमोर झालं होतं, पण तोंड उघडणारा त्यांच्याशिवाय कुणी नाही. सही मराठीत करू का तेलुगूत, असं काहीतरी मामा विचारतील असं मला उगाच वाटत राहिलं. त्यांनी माग सुरू केला. आमची पेटी अजून त्यावरच आहे, आणि नीट चालते.
बायकोनं चहा दिला. नेहमीसारखा. तोच जास्त लागला.

२३ डिसेंबर
सरांचं दुसरं पत्र, हातानं लिहिलेलं. पुण्याला ट्रेनिंग सुपरवायझर म्हणून ये. पगार इथल्या दुपटीहून जास्त, राहायला खोली. 'तुझ्याशिवाय दुसरं मॉडेल जमत नाही.' तळाला, 'झालं गेलं मनात धरू नकोस.'
दोनदा वाचलं. दुसऱ्या मॉडेलमध्ये काय अडलं असेल ते मला लगेच कळलं. दुसरा धागा पहिल्याच्या लगोलग तुटला तर पेटी तो चुकवते. उपाय सुचलासुद्धा. कागद पेन्सिल घेतली, मग ठेवून दिली. स्वतःचीच चीड आली.

२ जानेवारी १९७७
तक्रार लिहून तयार. साडेतीन पानं. दादानं वाचून व्याकरण सुधारलं, 'फसवणूक' खोडून 'गैरसमज' केलं. मी पुन्हा 'फसवणूक' लिहिलं. एक परिच्छेद मी स्वतः वाढवला, की मी नरसय्यांना आणि एकतीस मुलींना चौकशी न करता शब्द दिला. तो दादाला अजिबात पटला नाही. स्वतःवर कशाला ओढवून घेतेस, म्हणाला. तो ठेवलाय.
साक्षीदाराची जागा कोरी.

८ जाने.
पुण्याहून तार. नोकरीबद्दल सोमवारपर्यंत कळवा.

९ जाने.
रविवार, पण परीक्षेची मांडणी होती म्हणून लॅबमध्ये. बाहेर आले तर शिपाई म्हणाला, एक म्हातारे येऊन गेले, धोतर, पूर्व भागातले. तासभर बाकावर बसले. बोलावू का विचारलं तर नको म्हणाले, बाईंचं काम चालू द्या. चहाही घेतला नाही. जाताना एवढंच विचारलं, बाई अजून हितंच हायत ना, का पुण्याला जाणार?
तू काय सांगितलंस, मी विचारलं.
मला माहीत नाही म्हणालो, बाई.
सायकल घेऊन तशीच निघाले. शेडाला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, सगळे अक्कलकोटला गेलेत, परवा येतील.
परवा मंगळवार.